सात दिवसांची भिंत

आमच्या शाळेच्या फाटकासमोर, गल्लीच्या पलीकडे, एका गोदामाची भिंत आहे. आज ती पांढरी आहे. शिकवणीच्या जाहिराती, ‘खोली भाड्याने देणे आहे’, मूळव्याधीवर हमखास इलाज, असले कागद तिच्यावर चिकटलेले असतात. दोन पावसाळ्यांत चुना बराच उतरला आणि उजव्या कोपऱ्यात खालचा काळा रंग दिसू लागला. पाचवीत नव्याने आलेल्या मुलांना ते शेवाळ वाटते. जुन्या मुलांना ठाऊक आहे की जानेवारी २०२४ मध्ये सात दिवस त्या भिंतीचा फळा झाला होता. तो फळा आम्ही केला होता. त्याचा हिशेब आमच्याकडून अजून पुरता चुकता झालेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहोत.

आम्ही चेंबूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. कलेशी आमचा संबंध तसा बेताचाच. शाळेत असताना आम्ही घोडा काढला तर मास्तर त्याला बकरी समजून मार्क द्यायचे. बी.एड.ला मात्र फलकलेखनात आमचा वर्गात दुसरा नंबर होता. अक्षर सरळ, ओळ सरळ, खडू मोडायचा नाही, फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, हे सगळे आम्हाला नीट शिकवले गेले. खडू दुसऱ्याच्या हातात दिल्यावर काय करायचे, हे तेवढे कोणी शिकवले नाही.

अलीकडे मुंबईत ‘इन्स्टॉलेशन’ हा शब्द रुळला आहे. रस्त्यावर, चौकात, स्टेशनाबाहेर चार-आठ दिवसांसाठी काहीतरी उभे करायचे. लोकांनी त्याच्यात शिरायचे, त्याला हात लावायचा, त्याच्यावर लिहायचे. मग ते उतरवायचे. दक्षिण मुंबईत १९९९ साली काळा घोडा महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून फेब्रुवारीत लोक असल्या गोष्टी बघायला गर्दी करतात. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकच्या जुन्या गोदामांत स्टार्ट इंडिया या संस्थेने मोठे प्रदर्शन मांडले. मासळीच्या वासात, ओल्या फरशीवरून चालत लोक ते बघायला गेले आणि डॉकाच्या भिंतींवर तिथल्याच कष्टकऱ्यांचे मोठमोठे चेहरे लागलेले त्यांनी पाहिले. हे सारे चांगलेच आहे. पण वर्तमानपत्रांत त्याचे वर्णन परदेशातून आलेली नवी चीज असल्यासारखे येते, तेव्हा आम्हाला हसू येते.

कारण आमच्या चेंबुरात तात्पुरते आणि कायमचे यांतला फरक कधीच फारसा पक्का नव्हता. आमच्या भागातल्या दोन वस्त्यांच्या नावांतच ‘कॅम्प’ आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ज्या बराकींत ठेवले तो चेंबूर कॅम्प. आणि आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, अणुशक्तीनगरच्या शेजारची जनता कॉलनी उठवून तिथल्या हजारो कुटुंबांना ट्रॉम्ब्याला जिथे नेऊन टाकले तो चीता कॅम्प. कॅम्प म्हणजे पडाव. आज इथे, उद्या उठायचे. एका पडावाला पाऊणशे वर्षे होऊन गेली, दुसऱ्याला अर्धशतक होत आले. तिथे नातवंडांची लग्ने झाली, मशिदी झाल्या, मंदिरे झाली, दवाखाने झाले. नाव मात्र कॅम्पच राहिले.

उलट, खरोखर चार दिवसांच्या वस्तूवर आमच्याकडे किती जीव टाकतात ते बघायचे असेल तर गणपतीत टिळक नगरला जावे. तिथले सह्याद्री क्रीडा मंडळ दरवर्षी कुठल्या तरी मंदिराची नाही तर राजवाड्याची भव्य प्रतिकृती उभी करते. लाकूड, कापड, रंग आणि दिवे. माणसे आत शिरतात, वर मान करून खांब बघतात, पोरांना खांद्यावर घेतात. त्या रांगेत बुरख्यातल्या बायका असतात, आमचे विद्यार्थीही असतात. अनंत चतुर्दशी झाली की थोड्या दिवसांत ते मैदान पुन्हा क्रिकेटचे होते. मोहरमात आमच्या गल्ल्यांत सबिली लागतात. हिरवे कापड, रंगीत कागद, बल्बांच्या माळा, माठ आणि सरबताची पिंपे. ती सबील नुसती बघायची नसते. तिथे थांबून पाणी प्यायचे असते. पिणाराच कोणी आला नाही तर कितीही सजवलेली सबील ओकीबोकी दिसते. लोकांनी हात लावल्याशिवाय पुरी होत नाही ती कला, अशी व्याख्या करायची असेल तर आमच्या दृष्टीने सबीलवाल्या पोरांनी ती केव्हाच केलेली आहे.

पण आमच्या मनात या सगळ्याची पहिली खूण आहे ती गावच्या ताबुताची.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूचे. कडेगावचे गगनचुंबी ताबूत साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. दीडशे वर्षांहून जुनी ती परंपरा. शंभर फुटांच्या वर जाणारे, बांबूचे आणि रंगीत कागदाचे ते मनोरे हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतून बांधले जातात आणि मोहरमच्या दिवशी शेकडो हातांवर तोलत एकमेकांच्या भेटीला आणले जातात. आमचे दादा सांगत की तिथले कारागीर आधी कळस बांधतात आणि मग पाया. वरचा मजला उचलायचा, त्याच्याखाली दुसरा सरकवायचा. लहानपणी आम्हाला हे खोटे वाटायचे. पुढे मोठेपणी कळले की पुष्कळशी घरेही अशीच उभी राहतात.

आमच्या गावचा ताबूत लहान. फार तर बारा फुटांचा. आधीच्या चांदरातीपासून पोरे बांबूच्या कांबी तासायला बसत. खळ शिजवायचे काम दादीकडे. पतंगी कागद तालुक्याहून यायचा; निळा कमी पडला की कुणी तरी दिवाळीचा जुना आकाशकंदील सोडून कागद आणून द्यायचा. तो माळ्याच्या घरचा असायचा. कत्तलच्या रात्री गाव जागायचे. सकाळी ताबूत उठला की बायका तान्ही मुले घेऊन पुढे यायच्या आणि मुलाला त्याच्याखालून काढायच्या. आम्ही दीड वर्षाचे असताना फार आजारी होतो म्हणे. आम्हालाही तसे काढले होते. काढणारी दादी आणि पलीकडून झेलणाऱ्या पाटलीणकाकू. दोघींनी मिळून मन्नत बोलली : पोरगे उठून बसू दे, पुढच्या साली मलिदा करू.

पुढच्या साली दादीने मलिदा केला. काकूंनी नारळ आणला. ताबूत अर्थातच तो नव्हता. आधीचा नदीवर थंडा करून वर्ष झाले होते. नवा बांबू, नवा कागद. दादीला त्याने काही फरक पडला नाही. ‘ताबूत थंडा होतो रे, मन्नत थंडी होत नाही,’ असे ती म्हणायची. आम्ही ते वाक्य आजीबाईंचे बोलणे म्हणून ऐकून सोडून दिले होते. २०२४ च्या जानेवारीत ते आमच्या अंगावर आले.

इथे काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, याची आम्हाला कल्पना आहे. ताबूत, पंजे, मन्नत हे सगळे दीनमध्ये नाही, असे सांगणारे बुजुर्ग आमच्याही घरात होते. वडील तब्लीगला जाऊ लागले आणि आमच्या घरातून खळ शिजणे बंद झाले. वडील आणि दादी यांच्यात त्यावरून कधी आवाज चढला नाही; दादी फक्त मोहरमच्या दिवशी दारात बसून राहायची. कोण बरोबर हा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही, आम्ही मराठीचे शिक्षक आहोत. इतिहासाचे शिक्षक म्हणून मात्र एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मुंबईतला मोहरम एके काळी या शहराचा सर्वांत मोठा रस्त्यावरचा मेळा होता. मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या निघत, ताबूत निघत, त्यांत हिंदूही असत. १९११ च्या मोहरमात दंगल झाली, गोळीबार झाला आणि पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी असे कडक नियम घातले की ती टोळ्यांची जुनी मिरवणूक जवळजवळ संपली. शिया बांधवांचे मातमी जुलूस आजही निघतात, पण साऱ्या शहराचा तो मेळा परत आला नाही. म्हणजे रस्त्यावरची आमची कला एका बाजूने सरकारी नियमांनी गेली आणि दुसऱ्या बाजूने आम्हीच ती आवरती घेतली. जे राहिले ते हातांत राहिले. कांब तासायची आणि कागद ताणून बसवायची सवय काही लगेच जात नाही.

ती सवय आम्हाला पुन्हा दिसली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, गोवंडीला.

चेंबूरनंतरचे हार्बर लाइनचे पुढचे स्टेशन गोवंडी. तिथे नटवर पारेख कंपाउंड ही पुनर्वसन वसाहत आहे. रस्तारुंदी आणि प्रकल्पांत घरे गेलेल्यांना जिथे आणून बसवले, त्या वसाहतींपैकी एक. ६१ इमारती, सुमारे २५ हजार माणसे, आणि दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशा वसाहतींची रचना आणि तिथला क्षयरोग यांचा संबंध दाखवला होता. ऊन नाही, वारा नाही आणि घरोघरी खोकला. आमच्या वर्गात तिथून येणारी मुले आहेत. त्यांच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या आम्ही वाचतो, त्यामुळे हा अभ्यास वाचायची आम्हाला तशी गरज नव्हती.

त्या वसाहतीत काही वर्षे काम करणाऱ्या ‘कम्युनिटी डिझाइन एजन्सी’ या संस्थेने ब्रिटनमधल्या काही कलाकारांच्या साथीने पाच दिवसांचा गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरवला. नाटक, रॅप, छायाचित्रे, भिंतींवरची चित्रे, आणि करणारे तिथलेच मुलगे-मुली. आठवीतला एक विद्यार्थी आम्हाला म्हणाला, ‘सर, हमारे यहाँ कंदील का जुलूस है, आप आना.’ आम्ही गेलो. बांबूच्या काड्या, वर पातळ कागद, आत दिवा. लोकांनी आपल्या हाताने केलेले कंदील घेऊन माणसे त्या अरुंद गल्ल्यांतून चालत होती. जिथे ऊन येत नाही तिथून उजेड चालत होता. जिन्यांवर, खिडक्यांत बायका उभ्या होत्या. आमच्याशेजारी एक म्हातारे चाचा काठी टेकून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, ‘क्यों मास्टर, मोहरम तो अभी दूर है ना?’ आम्ही म्हणालो, ‘हाँ चाचा, दूर है.’ ते म्हणाले, ‘फिर भी अच्छा है.’

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला विचारले की कंदिलाचे काय केलेस. म्हणाला, घरात टांगला आहे, अम्मी म्हणते पावसाळ्यापर्यंत राहू दे. आम्ही विचारले, आणि नंतर? तो म्हणाला, ‘नंतर परत करता येतो ना सर. आता येतो मला.’ उत्सव पाच दिवसांचा होता. हात शिकला तो राहिला. शिवाय ती संस्थाही मंडप गुंडाळून नाहीशी होणाऱ्यांतली नव्हती. त्या वसाहतीत किताब महल नावाचे छोटे वाचनालय आहे, तिथे आमची दोन मुले आधीपासून जात होती.

त्या जुलुसाने आमच्या डोक्यात किडा सोडला. त्याच सुमारास आम्ही एका भिंतीविषयी वाचले. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कँडी चँग नावाच्या कलावती राहत होत्या. जिवाच्या माणसाचा मृत्यू झाल्यावर, २०११ साली, त्यांनी आपल्या वस्तीतल्या एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला आणि त्यावर एकच अपुरे वाक्य पुन्हा पुन्हा छापले : ‘मरण्यापूर्वी मला…’ पुढे रिकामी रेघ आणि शेजारी खडू. दुसऱ्या दिवसापर्यंत भिंत भरली होती. पुढे सत्तरहून अधिक देशांत लोकांनी तशा भिंती केल्या. दुसरी गोष्ट वाचली ती ख्रिस्तो आणि जान-क्लोद या जोडप्याची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये भगव्या कापडाच्या ७,५०३ कमानी लावल्या. माणसांनी त्यांच्याखालून चालावे एवढेच. कमानी राहिल्या १६ दिवस. पण ती कल्पना त्यांनी मांडली होती १९७९ साली. म्हणजे सोळा दिवसांसाठी सव्वीस वर्षे!

त्या मानाने आम्हाला परवानगी लवकर मिळाली. गोदामाच्या मालकांचा नातू आमच्याकडे शिकून गेलेला. ते म्हणाले, सात दिवस घ्या, आठव्या दिवशी चुना मारून द्या. हेडमास्टर साहेब म्हणाले, खर्च मागू नका. डब्बाभर फळ्याचा रंग, एक ब्रश आणि खडूच्या चार पेट्या आम्ही आणल्या. रविवारी आठवीच्या मुलांनी भिंत रंगवली. थोडी आपली पँटही रंगवली.

‘मरण्यापूर्वी’ हा शब्द आमच्या गल्लीत चालला नसता. सकाळी सकाळी मौतीचे नाव काढले म्हणून कुणा दादीने आम्हाला झाडूने हाणले असते. म्हणून आम्ही वाक्य बदलले. भिंतीच्या डाव्या अर्ध्यावर मराठीत : ‘मला हवे आहे…’ उजव्या अर्ध्यावर उर्दूत : ‘मुझे चाहिए…’ मराठी डावीकडून निघाली, उर्दू उजवीकडून, आणि दोन्हींच्या रिकाम्या जागा भिंतीच्या मध्यावर येऊन मिळाल्या. आम्ही तसे काही ठरवले नव्हते, लिपींनीच ते केले. दुसऱ्या दिवसापासून मध्यावर इतकी दाटी झाली की कुठले उत्तर कुठल्या भाषेतल्या वाक्याचे हे कळेना, आणि कुणाला त्याची पर्वाही नव्हती.

पहिल्या दिवशी पोरांनी लिहिले : सायकल. मोबाइल. बॅट. एकाने लिहिले, ‘मराठीचा तास नको’. आम्ही त्याचे अक्षर ओळखले आणि शुद्धलेखन बरोबर आहे म्हणून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी मोठी माणसे थांबू लागली. ज्यांना लिहिता येत नव्हते ते मुलांना सांगू लागले. ही आमची सगळ्यांत मोठी कमाई. एक भंगारवाला सहावीतल्या मुलाला म्हणाला, ‘लिख, भाव.’ मुलाने विचारले, ‘कायका भाव?’ तो म्हणाला, ‘लोहे का लिख, पितल का अल्ला देगा.’ एका दादीने हज लिहवून घेतले आणि तीनदा वाचून दाखवायला लावले. कुणी लिहिले, सकाळचे पाणी. कुणी, घराला खिडकी. हे खिडकीचे चार वेगवेगळ्या अक्षरांत आले. एका लहान मुलीने लिहिले, अब्बूंना रविवार. रोज मगरिबच्या अजानआधी भिंत भरून जायची. आम्ही सगळे वहीत उतरवून घ्यायचो, मग ओल्या फडक्याने पुसायचो, म्हणजे सकाळी पुन्हा जागा.

चौथ्या दिवशी उर्दूच्या बाजूला, खाली, बारीक सुबक अक्षरांत एक शब्द आला : नवीं.

मुझे चाहिए, नवीं. नववी इयत्ता. आमची शाळा आठवीपर्यंत आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदाही पहिली ते आठवीचाच, सहा ते चौदा वर्षांचा. त्यापुढे ज्याचे त्याने बघायचे. मुलगे बघतात. मुलींचे घरचे बघतात, आणि पुष्कळदा न बघितल्यासारखे करतात. दरवर्षी आठवीच्या निरोप समारंभाला आम्ही गुलाबाची फुले वाटतो आणि त्यांतल्या कितीजणींच्या हातात पुन्हा दप्तर येणार नाही, हे आम्हाला माहीत असते. अक्षर कुणाचे ते आम्ही ओळखले. वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. त्या संध्याकाळी आम्ही भिंत पुसली, पण तो शब्द तेवढा ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी शाळेच्या कमिटीतले एक बुजुर्ग आले. भिंत बघून खूश झाले, दादीचे हज वाचून ‘माशाल्ला’ म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. म्हणाले, ‘मास्टर, ये तो अपने ही स्कूल की शिकायत हो गई. रस्ते से सब लोग जाते हैं. कल कोई फोटो निकालेगा.’ रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही. आम्ही फडके ओले केले आणि तो शब्द पुसला. पुसायला एक क्षण लागला. सुबक अक्षर होते, हलक्या हाताने लिहिलेले, लगेच निघाले.

आम्ही मागे वळलो तेव्हा मधल्या सुट्टीची मुले फाटकाशी होती, आणि ती होती.

ती काही बोलली नाही. सहाव्या दिवशी आम्ही खडूची पेटी मुद्दाम तिच्या हातात दिली. तिने ती शेजारच्या मुलीकडे दिली. सातव्या दिवशीही तिने काही लिहिले नाही. आठव्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे चुना मारला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. स्टाफरूममध्ये चहा झाला. हेडमास्टर साहेब म्हणाले, ‘बहुत अच्छा प्रोग्राम हुआ.’ आणि आम्हाला दादी आठवली. दारात बसलेली.

दादीचे म्हणणे आम्हाला तेव्हा कळले. कागदाचा ताबूत लोकांकडून काही तरी मागून घेतो. सांग तुला काय हवे, असे विचारतो, आणि लोक सांगतात. मग त्याला नदीवर नेतात, पण विचारणारे गाव जागेवर असते. पुढच्या साली तीच माणसे, तोच रस्ता. बोललेले फेडायचे असते, निदान आठवायचे असते. आम्ही भिंत उभी करून मुलीला विचारले, तुला काय हवे? तिने सांगितले. आम्ही पुसले. भिंत सात दिवसांची होती हे खरे, पण प्रश्न सात दिवसांचा आहे असे आम्ही कुणाला सांगितले नव्हते. चार दिवसांची कला करणाऱ्याला चार दिवसांनी निघून जाता येते, ही त्या कलेची मोठी सोय आहे. आम्ही तर कुठे जाणारही नव्हतो, फाटकासमोरच होतो, आणि तरीही त्या सोयीचा फायदा घेऊन मोकळे झालो होतो.

त्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. खोलीत जरीच्या कामाचा लाकडी अड्डा लावलेला, त्यावर ताणलेले कापड. तिचे वडील आणि मामा दोन बाजूंना बसलेले. अम्मीने चहा केला. आम्ही इकडचे तिकडचे बोललो. मग अम्मी म्हणाली, ‘सर, उसने लिखा था, वो भी बताया. आपने पोंछा, वो भी बताया.’ आमच्या हातात बशी होती. ती खाली ठेवायला जागा सापडेना. आम्ही म्हणालो, ‘भाभी, ग़लती हुई. उसी के लिए आया हूँ.’

वडिलांचे म्हणणे सरळ होते. शिकवायला ना नाही. पण उर्दूची हायस्कूल लांब, मोठा रस्ता ओलांडायचा, दुपारची पाळी सुटायला संध्याकाळ होते, हिवाळ्यात अंधार. एकटी पोरगी कशी पाठवायची? आणि कारखान्याचे काम सोडून रोज आणायला जाणार कोण? यातले एकही वाक्य खोटे नव्हते. स्त्रीशिक्षणावर आमच्याजवळ एक तयार भाषण होते. तिथे ते काढायची हिंमत झाली नाही. रस्ता, वेळ आणि माणूस, या तीनच अडचणी होत्या आणि तिन्ही आमच्या आवाक्याबाहेरच्या नव्हत्या.

पुढचे चार महिने आम्ही ज्या खेपा घातल्या त्यांचे वर्णन करण्यात मतलब नाही. सकाळच्या पाळीत प्रवेश मिळेल अशी शाळा शोधली. आठवीतल्या आणखी दोन मुलींच्या घरी गेलो, म्हणजे सोबत होईल. तिघींच्या वडिलांनी रस्ता ओलांडून देण्याचे वार वाटून घेतले. एका वडिलांचा वार आमच्याकडे आला, तो अजून आमच्याकडेच आहे. कमिटीतल्या त्या बुजुर्गांनाही आम्ही जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एका मुलीच्या गणवेशाचे आणि पुस्तकांचे पैसे दिले. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही.

जून २०२४ मध्ये तिघी नववीत गेल्या. तिसरीचे शाळेत येणे दिवाळीच्या सुट्टीनंतर थांबले. घर भिवंडीला हलले असे कळले. आम्ही एकदा जाऊन आलो, पत्ता सापडला नाही. दोघी नववी पास होऊन दहावीत गेल्या.

वही आमच्याजवळ आहे. त्यात खिडकी चार वेळा आहे, सकाळचे पाणी आहे, अब्बूंचा रविवार आहे. ते आमच्या हातचे नाही. काही काही वेळा वाटते, ज्याची फेड करता येत नाही ते विचारूच नये. पण मग वाटते, त्या लहान मुलीला अब्बूंचा रविवार हवा आहे हे तिच्या अब्बूंनी भिंतीवर वाचले होते. आम्ही त्यांना तिथे थांबलेले पाहिले होते. त्यांनी काही लिहिले नाही. तिचा हात धरून ते थोडा वेळ उभे राहिले.

गोदामाच्या मालकांना आम्ही पुन्हा विचारले आहे. सात दिवस द्यायला ते तयार आहेत. रंग अर्धा डब्बा शिल्लक आहे. यंदा आमची एकच अट आहे, आणि ती आम्ही आमच्यावरच घातली आहे : फडके आमच्या हातात राहणार नाही. ते मुलांकडे राहील, आणि मगरिबला काय पुसायचे, काय ठेवायचे, हे ती ठरवतील. कमिटीला तसे आधीच सांगितले आहे. बुजुर्ग म्हणाले, ‘देख लो मास्टर, फिर भुगतना आपको ही पड़ेगा.’

आम्ही म्हणालो, हो. तेच तर करायचे आहे.